बुलेटचे कॅम आणि पुशरॉड घरी बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात वडिलांच्या काळापासून एक ३५० बुलेट आहे. तिचं टायमिंग कव्हर मी आजवर चार वेळा उघडलंय. त्यातल्या दोन वेळा केवळ आधीचं काम अर्धवट केल्यामुळे उघडावं लागलं. ओळखीतली बुलेटवाली मंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. हे सगळं जुन्या कास्ट आयर्न इंजिनाबद्दल आहे. शेवटी थोडं यूसीईबद्दलही (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेल्या पुढच्या इंजिनाबद्दलही) आहे.

माझ्या बुलेटमध्ये पुशरॉड आहेत का?

आधी हे नक्की करा, कारण "बुलेट" या एका नावाखाली निरनिराळी इंजिनं आली. जुनं कास्ट आयर्न इंजिन म्हणजे ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी. यात दोन कॅम (एका बाजूला नाकासारखा फुगवटा असलेले फिरते तुकडे) खाली, उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरच्या आत असतात. कॅम टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड वर हेडमधल्या रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला दाबतो. क्लासिक ३५० आणि ५०० मधून २००९ पासून जे यूसीई इंजिन रस्त्यावर आलं, त्यातही पुशरॉड आहेत, पण टॅपेट हायड्रॉलिक आहेत. सप्टेंबर २०२१ नंतरची नवी क्लासिक आणि २०२३ नंतरची नवी बुलेट यांच्या ३४९ सीसी इंजिनात कॅमच हेडमध्ये गेला, त्यामुळे पुशरॉड उरलेच नाहीत. तुमची गाडी ती असेल, तर इथलं काहीही तिला लागू नाही.

टॅपेटचा आवाज येतोय. म्हणजे कॅम गेला का?

बहुतेक वेळा नाही. जुन्या बुलेटचं इंजिन थोडं टिकटिकतंच. आवाज वाढला की आधी थंड इंजिनावर टॅपेट सेटिंग (कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या साखळीतली फट जुळवणं, कृती पुढे आहे) करा आणि शंभर-दोनशे किलोमीटर चालवून बघा. आवाज गेला आणि परत आला नाही, तर विषय संपला.

सेटिंग केल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा फट पडते, पुन्हा सेटिंग, पुन्हा फट, असं चालू असेल तर मात्र काहीतरी झिजतंय. मग तीन ठिकाणी संशय घ्यायचा: कॅमचं नाक, टॅपेटचा पाय किंवा पुशरॉडच्या टोकाला बसवलेली स्टीलची टोपी. ही टोपी अ‍ॅल्युमिनियमच्या रॉडवर ढिली झाली की आवाज हुबेहूब कॅम गेल्यासारखा येतो. मी स्वतः एकदा यात फसलोय. कव्हर उघडलं, कॅम चकचकीत निघाले आणि दोष रॉडच्या टोपीत होता. म्हणून रॉड आधी बघा, कॅम नंतर.

दुसरी खूण गाडीच्या ताकदीत दिसते. एक्झॉस्टचा कॅम झिजला की जळालेला वायू पुरता बाहेर पडत नाही आणि कार्ब्युरेटरमधून फटफट मागे फेकला जातो. खंबाटकीसारख्या चढाला पूर्वी ज्या गिअरमध्ये गाडी सहज जायची, तिथे गिअर खाली टाकावा लागतो. ही घट इतकी हळू येते की रोज चालवणाऱ्याला कळतही नाही. वर्षभराने गाडी मागणारा मित्र सांगतो तेव्हा कळते.

कव्हर न उघडता कॅमची झीज मोजता येते का?

येते, आणि हे काम प्रत्येकाने करावं. सिलिंडरच्या उजव्या बाजूला खाली टॅपेटचं छोटं झाकण असतं, ते काढा. प्लग काढा, गाडी मेन स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवा. एकेक रॉड वर जाताना आणि खाली येताना दिसेल. रॉड सगळ्यात खाली असताना आणि सगळ्यात वर असताना व्हर्नियरने माप घ्या. दोन मापांतला फरक म्हणजे कॅमची उचल. आकडा वहीत लिहून ठेवा आणि दर मोठ्या सर्व्हिसला तेच माप पुन्हा घ्या. आकडा घटत गेला, तर कॅम किंवा टॅपेट झिजतोय याबद्दल शंका राहत नाही. माझ्या वहीत अशी अनेक वर्षांची मापं आहेत. गाडीबद्दल माझ्याकडे असलेला तोच सगळ्यात मोलाचा कागद आहे.

हे काम खरंच घरी जमण्यासारखं आहे का?

पुशरॉड बदलणं ज्याला क्लच प्लेट आणि पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) स्वतः जमतात त्याला जमेल. कॅम बदलणंही जमेल, पण घाई नको. शनिवारी सकाळी उघडून रविवारी संध्याकाळी बंद करायचं, असा हिशेब ठेवा. सोमवारी त्याच गाडीने कामावर जायचं असेल, तर त्या आठवड्यात उघडूच नका. संध्याकाळी सहा वाजता घाईने बसवलेलं कव्हर पुन्हा उघडावं लागतं.

कोणती हत्यारं लागतात?

फिक्स आणि रिंग पान्यांचा संच, आणि त्यात इंची मापाचे पानेही हवेत. जुन्या गाडीत इंची नट-बोल्ट असतात, आणि मागच्या मालकाने मधूनच मिलिमीटरचे घातलेले असतात. पाना नटावर सैल बसत असेल तर जोर लावू नका, योग्य पाना आणा. याशिवाय व्हर्नियर, लांब दांडीचं चुंबक, टायमिंग कव्हरच्या स्क्रूसाठी ठोक्याचा पेचकस, नवी पॅकिंग, तांब्याचे वायसर, धुवायला डिझेल आणि पुष्कळ स्वच्छ सुती फडकी.

शिवाय पुठ्ठ्याचा एक तुकडा. त्यावर टायमिंग कव्हरची आकृती काढायची, आणि प्रत्येक स्क्रू निघेल तसा त्या-त्या जागी पुठ्ठ्यात टोचून ठेवायचा. स्क्रू कमीजास्त लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर क्रँककेसचा आटा जातो किंवा केसला तडा जातो.

पुशरॉड बदलायला हेड उतरवावं लागतं का?

नाही. पेट्रोलची टाकी काढा, रॉकरची झाकणं काढा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि स्प्रिंगचा दाब रॉकरवर येत नाही. खालचे अ‍ॅडजस्टर ढिले करा. रॉकरला तेल नेणाऱ्या नळीचे बोल्ट सोडवा आणि मग रॉकरचे ठोकळे धरणारे नट थोडे थोडे, आलटून पालटून ढिले करा. रॉकर निघाला की रॉड सरळ वर ओढून निघतो.

इथे तीन गोष्टी सांभाळा. पहिली, रॉकरच्या ठोकळ्याचे वरचा आणि खालचा हे दोन भाग एकमेकांच्या मापाने कापलेले असतात. इकडचा तिकडे लावायचा नाही, आणि ठोकळ्यातलं तेलाचं भोक होतं त्याच बाजूला यायला हवं. ठोकळा उलटा बसला तर रॉकर कोरडा फिरतो. दुसरी, इनलेट आणि एक्झॉस्टच्या रॉडला निघाल्या निघाल्या कागदी चिकटपट्टीने नाव द्या. तिसरी, रॉड निघाला की त्याच्या बोगद्यात लगेच फडकं कोंबा. माझ्या हातून एकदा तांब्याचा वायसर त्या बोगद्यात घरंगळला. खालच्या टॅपेटच्या झाकणातून चुंबक घालून उपयोग नव्हता, तांबं चुंबकाला चिकटत नाही. शेवटी सायकलच्या तारेला ग्रीस लावून अडीच तासांनी तो बाहेर काढला. फडकं कोंबायला पाच सेकंद लागतात.

रॉड वाकला आहे हे कसं ओळखायचं?

टेबलाच्या काचेवर ठेवून हळूच घरंगळवा. सरळ रॉड एकसारखा घरंगळतो, वाकडा उड्या मारतो. मग टोकाची टोपी बोटांत धरून पिळून बघा. जराही हलली तर रॉड गेला. टोपी ठोकून घट्ट करणारे कारागीर आहेत, पण माझा त्यावर विश्वास नाही. गरम इंजिनात ती पुन्हा सुटते.

वाकडा रॉड सापडला की नवा बसवण्याआधी तो का वाकला ते शोधा. व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकतोय का, आधी कोणी टायमिंग चुकवलं होतं का, गाडी महिनोन्महिने उभी होती का? रॉड आपोआप वाकत नाही. कारण तसंच राहिलं तर नवा रॉडही त्याच वाटेने जाईल.

टायमिंग कव्हर काढण्याआधी काय करायचं?

इंजिन ऑइल पूर्ण काढा. एक्झॉस्टचा पाइप वाटेत येत असेल तर तोही उतरवा. स्क्रू निघाल्यावर कव्हर सुटत नसेल तर रबरी हातोडीने कडेकडेने टकटक करा. जोडात पेचकस घालून उचकटू नका. त्याचा एकच ओरखडा आयुष्यभर तेल गाळत राहतो.

कव्हर हातात आलं की त्याला उलटं करून नीट बघा. तेलाचे पंप याच कव्हरमध्ये आहेत, आणि क्रँकच्या टोकाला असलेल्या वर्मवर (स्क्रूसारख्या गिअरवर) ते चालतात. तो वर्म क्रँकवर उलट्या आट्याने आवळलेला असतो. कॅम बदलायला तो काढावा लागत नाही, पण कुतूहलाने पाना लावलाच तर हे ध्यानात असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्रँकचं टोक कव्हरमध्ये जिथे बसतं, तिथे एक लहानसं बूच असतं. पूर्वी खऱ्या कॉर्कचं असायचं, आता रबरी मिळतं. मेकॅनिक त्याला कॉर्कच म्हणतात. पंपाचं तेल याच बुचातून क्रँकच्या पोटात आणि तिथून बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या बेअरिंगला) जातं. हे बूच चेपलं, फाटलं किंवा वाकडं बसलं तर तेल वाटेतच सुटतं आणि बिग एंड उपाशी राहतो. कॅम बदलून गाडी छान चालू होते, मालक खूश होतो आणि काही दिवसांत कनेक्टिंग रॉड ठोकायला लागतो. दोष मग नव्या कॅमला दिला जातो. कव्हर निघालं की हे बूच नवीन घालायचंच. जुनं "चांगलं दिसतंय" म्हणून परत घालू नका.

कॅमवरच्या डॉटचा अर्थ काय?

क्रँकच्या पिनियनवर (लहान गिअरवर) आणि दोन्ही कॅमच्या गिअरवर ठिपके कोरलेले असतात. ते एकमेकांसमोर आले की टायमिंग बरोबर. जुने कॅम काढण्याआधीच इंजिन फिरवून ठिपके समोरासमोर आणा, रंगाच्या पेनाने ठळक करा आणि मोबाइलवर सरळ समोरून फोटो काढा. तिरप्या फोटोत दात मोजताना गफलत होते.

पुशरॉड काढलेले असतील तर कॅमवर दाब नसतो, त्यामुळे ते आपल्या स्पिंडलवरून (ज्या दांडीवर फिरतात तिच्यावरून) सहज सरकून येतात. त्यांच्याबरोबर पातळ वायसर असतील, तर कोणता कुठे होता ते लिहून ठेवा. कॅम निघताना टॅपेट खाली सरकतात, ते वर धरून ठेवायची सोय करा. नवा कॅम बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून ताडून बघा, कारण इनलेट आणि एक्झॉस्टचे कॅम वेगळे आहेत.

नवे बसले की क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. ठिपके परत समोरासमोर आले पाहिजेत. पॉइंटकडे जाणारे मधले गिअर काढले किंवा हलले असतील, तर इग्निशनचं टायमिंग नव्याने करावं लागेल. पॉइंटवाल्या गाडीत पिस्टन वरच्या टोकापासून ०.८ मिमी अलीकडे असताना पॉइंट उघडायला लागले पाहिजेत.

एक दात चुकला तर काय होतं?

गाडी चालू होईलही. पण कार्ब्युरेटरमधून फटफट, सायलेन्सर लालसर तापणं, किकला उलटा झटका, चढावर दम नाही, यातलं काहीतरी दिसेल. जास्त दात चुकले तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतो. म्हणून सगळं जोडल्यावर पहिली किक मारायची नाही. प्लग काढून मागच्या चाकाने इंजिन हळू फिरवायचं. कुठेही कडक लागलं तर जोर न लावता तिथेच थांबा आणि परत उघडा.

कॅमबरोबर टॅपेटही बदलायचे का? टॅपेट तर बरे दिसतात.

बदलायचेच. हे मी नुकसान सोसून शिकलोय. पहिल्या वेळी मी फक्त एक्झॉस्टचा कॅम बदलला. टॅपेटच्या पायावर तीळभर खड्डे होते, नख फिरवलं की अडकायचं. चालेल म्हणून तसेच ठेवले. चौदाशे किलोमीटरमध्ये फट परत पडू लागली. कव्हर उघडलं, तर नव्या कॅमच्या नाकाची धार गेली होती आणि चकाकीच्या जागी राखाडी खरबरीत पट्टा उमटला होता. खराब टॅपेट नव्या कॅमला कानशीसारखा खरवडतो. दोन्ही एकाच वेळी नवे घ्या. ज्या गाइडमध्ये टॅपेट सरकतो तो ढिला असेल, तर ते काम क्रँककेस तापवून करावं लागतं. ते वर्कशॉपमध्येच द्या.

कॅम कुठला घ्यावा?

मी पुण्यात नाना पेठेत जातो, तुमच्या गावी तुमचं भरवशाचं दुकान असेल. दुकानापेक्षा मालाची पारख महत्त्वाची. मऊ कॅम बाजारात आहेत आणि पॅकिंगवरून ते कळत नाहीत. सोबत एक नवी बारीक कानस न्या आणि दुकानदाराची परवानगी घेऊन कॅमच्या कडेला, जिथे टॅपेट लागत नाही तिथे, हलकेच फिरवा. पोलाद नीट कडक केलेलं असेल तर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. कानस चावली आणि चुरा निघाला, तर तो कॅम परत द्या. परवानगी न देणाऱ्याकडून मी माल घेत नाही. कॅममधला बुश स्पिंडलवर डगडगतो का, हेही घरी आल्यावर बसवण्याआधी बघा.

टॅपेट सेटिंग नेमकं कसं करायचं?

इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घ्या. गरम इंजिनावर केलेलं सेटिंग चुकीचंच येतं.

प्लग काढा, चाक पुढे फिरवत राहा. इनलेटचा रॉड वर जाऊन खाली आला की त्यानंतर पिस्टन जो वर येतो, तो कॉम्प्रेशनचा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवलात तर हवा ढकलताना जाणवते. पिस्टन वरच्या टोकाला थांबवा. आता दोन्ही रॉड मोकळे असायला हवेत.

जुन्या बुलेटमध्ये फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लागत नाही. फट शून्य ठेवायची, पण दाब नको. अंगठा आणि तर्जनीत रॉड धरा. तो गोल फिरला पाहिजे, वर-खाली मात्र हलता कामा नये. फिरताना अगदी पुसटसा ओढा जाणवतो, तेलाच्या थेंबात बोट फिरवल्यासारखा. हा स्पर्श दोनतीनदा केल्यावर बोटांच्या ओळखीचा होतो. तीन पाने लागतात: एक रॉड धरायला, एक अ‍ॅडजस्टरला, एक लॉक नटला. लॉक नट आवळताना सेटिंग हमखास बदलतं, त्यामुळे आवळल्यावर रॉड पुन्हा फिरवून बघा. मग इंजिनाचे पूर्ण दोन फेरे फिरवून तिसऱ्यांदा.

चूक करायचीच तर किंचित ढिल्या बाजूला करा. ढिला टॅपेट आवाज करतो, घट्ट टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. घट्ट टॅपेटची गाडी गप्प चालते, म्हणून लोकांना ती चांगली वाटते. किक अचानक हलकी लागायला लागली, तर आधी हेच तपासा.

पहिल्यांदा चालू करताना?

कॅमच्या नाकावर आणि टॅपेटच्या पायावर असेंब्ली पेस्ट किंवा मॉलिब्डेनमवालं ग्रीस बोटाने नीट चोळलेलं असलं पाहिजे. कव्हरमधली ऑइल फिल्टरची जागा तेलाने भरून मगच तिचं झाकण लावा. रिकामी ठेवली, तर ती भरेपर्यंत बिग एंडला तेल जात नाही. ऑइल २०डब्ल्यू-५०, नवीन. प्लग काढून पंधरावीस किका मारा, म्हणजे पंप तेल ओढायला लागतो.

चालू झाल्यावर रॉकरचं एक झाकण उघडं ठेवून तेल वर येतंय का बघा. मिनिट-दोन मिनिटांत ओल दिसली नाही तर बंद करा. ओल दिसली की झाकण लावून लगेच रस्त्यावर काढा. नव्या कॅमला बुलेटचं ते प्रसिद्ध संथ आयडलिंग सोसत नाही, कारण हळू फिरताना तेल कमी उडतं आणि नाकावरचा दाब जास्त असतो. उलट जागेवर उभी करून जोरात ठेवली तर हवेवर थंड होणारं इंजिन तापतं. मध्यम वेगाने, ओझं न टाकता वीसपंचवीस किलोमीटर फिरवून आणणं उत्तम. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पुन्हा टॅपेट बघा. पाचशे किलोमीटरला ऑइल बदला आणि काढलेलं तेल पांढऱ्या फडक्यातून गाळा. बारीक राखाडी पूड थोडी येणारच. चमकणारे कण आले तर परत उघडा.

जास्त लिफ्टचा (उचलीचा) कॅम घातला तर ताकद वाढेल का?

वाढेल, वरच्या आरपीएमला. बुलेटची मजा खालच्या ओढीत आहे आणि तीच कमी होईल. तरी घालायचाच असेल तर हेड उतरवून पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातल्या क्लेची पट्टी ठेवा, हेड बसवा, टॅपेट सेट करा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. मग क्ले कापून व्हॉल्व्हच्या खुणेखाली किती जाडी उरली ते मोजा. व्हॉल्व्हचा स्प्रिंग पूर्ण दबल्यावर वेटोळी एकमेकांना भिडत नाहीत ना, हेही बघा. रोजच्या गाडीला मी मूळ मापाचाच कॅम घालेन.

यूसीई इंजिनात काय वेगळं?

टॅपेट सेटिंग नाही, हायड्रॉलिक टॅपेट तेलाच्या दाबाने फट स्वतः भरून काढतात. रॉड बदलल्यावर रॉकर एकदम आवळू नका. थोडं आवळा, थांबा, टॅपेटमधलं तेल उतरू द्या, मग पुढे. चालू केल्यावर काही मिनिटं टकटक येते आणि जाते. एक्झॉस्टच्या कॅमवर आपोआप चालणारा डीकॉम्प्रेसर (चालू करताना सिलिंडरमधला दाब कमी करणारा भाग) असतो. त्याचा स्प्रिंग आणि वजन मोकळं हलतंय का, हे कव्हर उघडलेलं असताना जरूर बघा.

कोणत्या परिस्थितीत घरी करू नये?

काढलेल्या तेलात चमकते कण असतील, क्रँकला हाताने वर-खाली खेळ लागत असेल, कॅमचा स्पिंडल केसमध्ये ढिला असेल किंवा क्रँककेसला आधीच तडा असेल, तर नवे पार्ट घालू नका. हे इंजिन पूर्ण खोलण्याचं लक्षण आहे. चांगल्या मेकॅनिककडे न्या, काढलेले पार्ट आणि मापांची वही सोबत द्या, आणि इंजिन उघडताना शेजारी उभं राहायची परवानगी मागा.